अकरा नंबरचा बावटा



रत्नागिरीत हवामानावर बोलायचं म्हणजे समोर कोण बसलंय याचं भान ठेवूनच बोलावं लागतं. मिरकरवाडा आणि राजिवडा या मच्छीमारांच्या वस्त्या इथून फार लांब नाहीत. मतलई कधी सुटतो, खारा वारा कधी जोर धरतो, पाण्याचा रंग पालटला की काय समजायचं, हे इथल्या नौकांवरच्या तांडेलांना व्यासपीठावरून सांगण्याची गरज नाही. म्हणून आजचा विषय वाऱ्याची बातमी हा आहे. ही बातमी दिल्लीत, पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत तयार होते. जिथे मोबाइलला रेंज नाही आणि इंटरनेटचं नाव नाही, तिथे असलेल्या माणसाच्या हातात ती पडते का? पडत असेल, तर कशी?

प्रश्न सोपा वाटतो, कारण या सभागृहात जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि अंदाज पाहायला अर्धं मिनिट पुरतं. पण फोन स्वतः अंदाज करत नाही. तो अंदाज मागवतो. त्याची मागणी टॉवरकडे जाते, तिथून तारांमधून कुठल्यातरी दूरच्या संगणकाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. मध्ये एक दुवा निखळला की पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरत राहतं, आणि खाली परवाचा अंदाज आजचा असल्यासारखा दिसत राहतो. हा दुवा निखळतो कधी? वादळाने टॉवर आडवा झाला की. वीज गेली आणि टॉवरच्या जनरेटरचं डिझेल संपलं की. किंवा नौका किनारा सोडून दहा-बारा किलोमीटर आत गेली की. म्हणजे अंदाजाची सर्वांत जास्त निकड असते, नेमकं तेव्हाच.

२०१७ सालचा नोव्हेंबर आठवून पाहा. २९ तारखेला श्रीलंकेच्या जवळ कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि ३० तारखेच्या सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचं ओखी चक्रीवादळ झालं. एका दिवसाचा खेळ. कन्याकुमारी जिल्ह्यातले आणि केरळचे मच्छीमार खोल समुद्रात जाणारे म्हणून देशभर ओळखले जातात. तूत्तूर भागातल्या नौका शेकडो मैल आत जातात आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, पाण्यावरच असतात. इशारा निघाला तेव्हा यातल्या कितीतरी नौका आधीच समुद्रात होत्या. किनाऱ्यावर दूरचित्रवाणीवर बातमी होती, फोनवर बातमी होती, सरकारी कचेऱ्यांत फॅक्स येत होते. ज्यांच्यासाठी ही बातमी होती ते मात्र रेंजच्या बाहेर होते. शेकडो माणसं त्या वादळात गेली किंवा कायमची बेपत्ता झाली.

आपल्या किनाऱ्याशी या कथेचा थेट संबंध आहे. वाऱ्याने आणि लाटांनी रेटलेल्या, वाट चुकलेल्या ६८ नौका डिसेंबरच्या सुरुवातीला सिंधुदुर्गात देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. त्यातल्या ६६ केरळच्या आणि दोन तामिळनाडूच्या होत्या, आणि त्यांवर ९५२ माणसं होती. देवगडकरांनी त्यांना सांभाळलं. पण केरळच्या नौकेला देवगडला का यावं लागतं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. वादळ कुठे आहे, कुठल्या दिशेला निघालंय, आपण त्याच्या कुठल्या बाजूला आहोत, एवढंच त्या तांडेलांना वेळेवर कळलं असतं तर? माहिती मोठी नव्हती. चार ओळींची होती. तिला फक्त समुद्रावर जायची वाट नव्हती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंटरनेटशिवाय अंदाज म्हणजे बंदरात असताना तो फोनवर उतरवून घ्यायचा आणि बरोबर न्यायचा, असं अनेकांना वाटतं. एक दिवसाच्या फेरीला ते चालेल. पंधरा दिवसांच्या फेरीला चालणार नाही. अंदाज दुधासारखा नासतो. ओखीच्या आधी चार दिवस बंदर सोडलेल्या नौकेने निघताना घेतलेल्या अंदाजात ओखी नावाचं काहीच नसणार, कारण ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. असा अंदाज जवळ नसता तर माणूस निदान सावध राहिला असता. म्हणून खरी गरज आहे ती रोज, शक्य तर दर काही तासांनी, ताजी बातमी आपोआप येत राहण्याची, तीही समोरच्याने काही न मागता.

हे काम माणसांनी इंटरनेट यायच्या शंभर वर्षं आधी केलेलं आहे, आणि त्याची खूण आजही आपल्या बंदरांवर दिसते. तीन नंबरचा बावटा लागला, हे वाक्य कोकणात लहान पोरालाही कळतं. पण या बावट्याचा इतिहास आपण फारसा सांगत नाही.

१८५९ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर मोठं वादळ झालं. त्यात रॉयल चार्टर नावाचं जहाज बुडालं आणि शेकडो माणसं गेली. रॉबर्ट फिट्झरॉय हा नौदलाचा अधिकारी तेव्हा तिथल्या हवामान खात्याचा प्रमुख होता. चार्ल्स डार्विन ज्या बीगल जहाजावरून जगभर फिरला, त्याचा हाच कप्तान. किनाऱ्यावरच्या ठाण्यांकडून तारेने निरीक्षणं मागवायची, वादळाची शक्यता दिसली की बंदरांना तारेने कळवायचं, आणि बंदरावर उंच खांबाला शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा टांगायच्या, ही पद्धत त्याने १८६१ साली सुरू केली. समुद्रावरच्या माणसाला वाचता येत नसलं तरी चालेल, त्याच्याकडे पैसे नसले तरी चालेल. त्याने फक्त मान वर करून पाहायचं.

आपल्याकडे १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळलं. पुढच्याच वर्षी, १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. लक्षात घ्या, भारताचं हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. खात्याच्या आधी बंदराचा इशारा आला. १८९८ पासून देशभरच्या मोठ्या बंदरांसाठी अकरा खुणांची एकसारखी पद्धत ठरली. दिवसा शंकू आणि पिंप, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर म्हणजे दूर समुद्रात कुठेतरी वादळी हवा आहे, जहाजांनी जपून राहावं. तीन नंबर म्हणजे बंदरावरच सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता. चार नंबरला वादळाची छाया बंदरावर पडलेली असते. पाच ते सात धोक्याचे. आठ, नऊ आणि दहा मोठ्या धोक्याचे.

आणि अकरा?

अकरा नंबरचा बावटा वादळाविषयी थेट काहीच सांगत नाही. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि बंदराच्या अधिकाऱ्याच्या मते हवा बिघडण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. ज्या माणसांनी ही पद्धत आखली त्यांनी तारा तुटणार हे गृहीत धरलं होतं. तार तुटली तर काय, याचं उत्तर त्यांनी खुणांच्या यादीतच लिहून ठेवलं. तार तुटल्यावर बंदरावरच्या माणसाने गप्प बसायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी आभाळ पाहायचं, वायुभारमापक पाहायचा, आणि संपर्क नाही हीच बातमी म्हणून खांबावर चढवायची. १८९८ सालचा हा विचार आहे. आज आपल्या फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपपैकी किती अ‍ॅप संपर्क तुटल्यावर इतक्या स्पष्टपणे सांगतात की, माझ्यावर आता विसंबू नका?

बावट्याची मर्यादाही उघड आहे. तो बंदरातून दिसतो. समुद्रात वीस मैलांवर असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. तिथून पुढचं काम बिनतारीने केलं.

आकाशवाणीवरून मच्छीमारांसाठी दिले जाणारे इशारे ज्यांनी ऐकले आहेत, अशी पिढी या सभागृहात आहे. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, या वाक्यांची एक ठरलेली लय होती. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर, दोन सेल, आणि नौकेच्या केबिनमध्ये एक खिळा. एवढ्या भांडवलावर ती बातमी येत होती. मध्यमलहरींचं एक वैशिष्ट्य इथे सांगितलं पाहिजे. या लहरी जमिनीच्या आणि पाण्याच्या पृष्ठभागाला धरून पुढे जातात, आणि खाऱ्या पाण्यावरून जाताना त्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षीण होतात. समुद्र त्यांना मानवतो. एफएमच्या लहरी तशा नाहीत. त्या सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाच्या थोडं पुढे संपतात. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची अनेक जुनी मध्यमलहरी प्रक्षेपकं बंद झाली आणि भर एफएमवर आला. शहरात गाणी ऐकणाऱ्याला आवाज स्वच्छ मिळाला, हे खरं. पण चाळीस-पन्नास मैलांवर जाळी टाकून बसलेल्या माणसाचं काय झालं, याचा हिशेब त्या निर्णयात कुणी मांडला? प्रक्षेपक जुनं झालं, वीज फार खातं, ही कारणं खोटी नाहीत. तरीही किनारपट्टीवरचं प्रक्षेपक आणि आतल्या जिल्ह्यातलं प्रक्षेपक यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. हे मत ठामपणे नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

बिनतारीची दुसरी वाट आपल्याच किनाऱ्यावरून जाते, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. वेंगुर्ल्याच्या टोकावर नॅवटेक्सचं प्रक्षेपण केंद्र आहे. वेरावळपासून बालासोरपर्यंत आणि अंदमानातल्या कीटिंग पॉइंटपर्यंत अशी केंद्रांची साखळी आहे. नॅवटेक्स म्हणजे समुद्रावरचा छापील इशारा. ५१८ किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर जगभरची केंद्रं आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला दर चार तासांनी दहा मिनिटांची पाळी. जहाजावरची पेटी पुस्तकाएवढी. ती रात्रंदिवस चालू असते आणि कुणी तिच्याकडे पाहत नसलं तरी ऐकत राहते.

ही पेटी जवळून पाहण्यासारखी आहे. संदेश सुरू होतो तो झेडसीझेडसी या चार अक्षरांनी आणि संपतो चार वेळा एन लिहून. सुरुवातीनंतर चार चिन्हं येतात. पहिलं अक्षर केंद्राचं, दुसरं विषयाचं, मग दोन आकडी क्रमांक. विषयात ई म्हणजे नेहमीचा अंदाज, बी म्हणजे हवामानाचा इशारा, डी म्हणजे शोध आणि बचाव. पेटीचा मालक नको असलेले विषय बंद करू शकतो, पण बी आणि डी त्याला बंद करता येत नाहीत. वादळाचा इशारा नाकारण्याची सोयच त्या यंत्रात ठेवलेली नाही. शिवाय प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलं जातं. विजांच्या कडकडाटात एक अक्षर गेलं तर थोड्या वेळाने येणारं दुसरं ते भरून काढतं. वेग म्हणाल तर सेकंदाला शंभर ठोके, म्हणजे बैलगाडीच. पण दोनशे ते चारशे सागरी मैलांपर्यंत ही बैलगाडी पोहोचते, आणि तिला ना सिमकार्ड लागतं, ना रिचार्ज.

मग आपल्या मासेमारी नौकांवर ही पेटी का दिसत नाही? कारण तिची सक्ती मोठ्या जहाजांना आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० टनांच्या वरच्या मालवाहू जहाजांसाठी आणि प्रवासी जहाजांसाठी तो नियम आहे. लाकडी किंवा फायबरची मासेमारी नौका त्यात बसत नाही. दुसरं कारण भाषेचं. ५१८ वर संदेश इंग्रजीत येतो. स्थानिक भाषांसाठी ४९० किलोहर्ट्झची वेगळी लहर आंतरराष्ट्रीय करारानेच राखून ठेवलेली आहे, पण नॅवटेक्सच्या जुन्या तारवर्णमालेत फक्त रोमन अक्षरं बसतात. देवनागरीला तिथे जागा नाही. आता ५०० किलोहर्ट्झवर नॅवडॅट नावाची नवी पद्धत येऊ घातली आहे. तिच्यात चित्रं आणि फायली पाठवता येतात, म्हणजे मराठी मजकूरही जाईल. ती आपल्या किनाऱ्यावर येईल तेव्हा तिच्यात मराठी, कोंकणी, गुजराती, मल्याळम पहिल्या दिवसापासून असावी, असा आग्रह आत्ताच धरायला हवा. यंत्र बसल्यावर भाषा मागायला गेलं की फार उशीर झालेला असतो.

शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांनी आणखी काही वाटा शोधल्या. शॉर्टवेव्हवरून हवामानाचे नकाशे फॅक्ससारखे, एकेक रेघ करत, आवाजाच्या रूपात येतात. साधा रेडिओ आणि ते आवाज उलगडणारा संगणक असला की समदाब रेषांचा अख्खा नकाशा समोर उभा राहतो. दुसरी वाट ग्रिब फायलींची. अंदाजाचे नुसते आकडे, वारा आणि दाब, चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यासाठी घट्ट बांधून ठेवलेले. खलाशी उपग्रह फोनवरून एका ओळीचं ईमेल पाठवतो: अमुक अक्षांशापासून तमुक अक्षांशापर्यंत, इतक्या दिवसांचा वारा पाठवा. उत्तरात तीसेक किलोबाइटची फाइल येते. इरिडियमच्या जुन्या फोनचा वेग सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे ३०० बाइट. हिशेब करा, फाइल उतरायला शंभर सेकंद लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका फोटोपेक्षा लहान फाइल, आणि तिच्यात पाच दिवसांचं समुद्राचं भविष्य. अंदाज मुळात जड नसतोच. आपण त्याला चित्रं, जाहिराती आणि चलतचित्रं चिकटवून जड केलं आहे.

गोल्डन ग्लोब या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत तर यातली उपग्रहाची वाटसुद्धा तोडलेली असते. २०१८ साली पुन्हा सुरू झालेल्या या शर्यतीचा नियमच असा की जीपीएस नाही, उपग्रहाचा अंदाज नाही; फक्त रेडिओ, फॅक्स, वायुभारमापक आणि डोळे. शर्यतीचं मूळ १९६८ सालातलं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ती जिंकला ज्या सुहैली नावाच्या नौकेवरून, ती मुंबईत बांधलेली. समुद्रावर काही महिने झाले आणि त्याचा रेडिओ बंद पडला, तरी ३१२ दिवसांनी तो घरी पोहोचला. पन्नास वर्षांनी आपल्या नौदलाचा अभिलाष टोमी गोव्यात बांधलेल्या तुरियावरून त्याच मार्गावर निघाला. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या, त्याचा पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवसांनी एका फ्रेंच गस्ती नौकेने त्याला उचललं. तोच माणूस २०२२ ला परत त्याच शर्यतीत उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. हे शौर्य आहेच. पण त्याने ही परिस्थिती स्वखुशीने पत्करली होती. मिरकरवाड्याचा खलाशी ती पोटासाठी पत्करतो, त्याच्यामागे शर्यतीची बचाव यंत्रणा नसते. हा फरक विसरता येत नाही.

वरून, आभाळातून येणाऱ्या बातमीकडे आता वळू.

अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी १९६० च्या दशकापासून एक उदार प्रथा पाळली. उपग्रह जिथून जात असेल तिथला ढगांचा फोटो तो त्याच क्षणी १३७ मेगाहर्ट्झवर खाली सोडत जायचा. कुणीही घ्यावा. परवाना नाही, पासवर्ड नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येकी साधारण ५३ सेंटीमीटरच्या दोन काड्या इंग्रजी व्हीसारख्या जोडल्या, संगणकाला एक स्वस्त रेडिओ डोंगल लावलं, की बारा-पंधरा मिनिटांच्या फेरीत अरबी समुद्रावरच्या ढगांचं चित्र, सेकंदाला दोन रेघा या गतीने, पडद्यावर उतरायचं. जगभर कितीतरी शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी अशी चित्रं उतरवली. नोआ-१५, १८ आणि १९ हे या प्रथेतले शेवटचे तीन उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले. रशियाचे मेटिऑर उपग्रह तशाच लहरीवर डिजिटल चित्रं अजून देतात. पण कुणीही घ्यावं अशा भावनेने आभाळातून पडणारी बातमी कमी होत चालली, हे मात्र खरं.

आपल्याकडे मात्र एक चांगली गोष्ट घडली. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने विमानतळ प्राधिकरणाबरोबर जेमिनी नावाचं यंत्र तयार केलं आणि ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ते जाहीर झालं. विमानांना वाट दाखवणारी गगन ही उपग्रह व्यवस्था आपल्याकडे आधीच होती. तिच्याच संदेशांत थोडी जागा काढून मच्छीमारांसाठी वादळाचे इशारे, लाटांची उंची आणि मासळी सापडण्याच्या जागा सोडायच्या, हे त्यामागचं डोकं. खोक्यासारखं यंत्र हे संदेश घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलला देतं. मोबाइलला रेंज नको. अ‍ॅप प्रादेशिक भाषांत. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास सांगितली गेली. ओखीने दिलेला धडा या यंत्रात दिसतो. उणीव एकच, बातमी फक्त येते, जात नाही. ती उणीव भरून काढणारी दुसरी योजना पालघरमधून सुरू झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रह ट्रान्सपॉन्डर बसवण्याचा कार्यक्रम जाहीर झाला, खर्च सुमारे ३६० कोटी. यातून छोटे संदेश दोन्ही दिशांनी जातात. इशारा नौकेला, आणि संकटाची हाक किनाऱ्याला.

काहींना या ट्रान्सपॉन्डरची शंका येते. आपली जागा सरकारला कळेल, मासळीचा ठिकाणा फुटेल. शंका अस्थानी नाही, आणि तिचं उत्तर संबंधित खात्यांनी बंदरावर येऊन द्यायला हवं. पण त्या शंकेपायी यंत्राचा स्विच बंद ठेवणं म्हणजे ओखीच्या रात्रीकडे परत जाणं आहे.

जमिनीवरचा प्रश्न वेगळा, पण सुटलेला तोही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात किनाऱ्यावर चढलं. इशारे आधी पोहोचले होते, माणसं हलवली गेली होती, त्यामुळे जीव वाचले. त्यानंतर मात्र मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत वीज कित्येक दिवस नव्हती, टॉवर मुके होते. छप्पर उडालेल्या घरात बसलेल्या माणसाला उद्या पाऊस आहे का, हे विचारायला जागा नव्हती. २०२३ साली आपल्या सगळ्यांचे फोन अचानक एकदम किंचाळले, ते आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवरच्या टापूतल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी संदेश, इंटरनेट नको, फोन नंबर नको, गर्दीने जाळं तुंबत नाही. पद्धत उत्तम आहे. पण तिलाही उभा टॉवर लागतो. शेतकऱ्याचंही तेच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला साध्या एसएमएसने गेला तर सातपुड्यातल्या पाड्यावरही, कुणीतरी टेकडीवर जाऊन आलं की, पोहोचतो. अ‍ॅपमध्ये ठेवला की तिथे पोहोचत नाही.

सगळंच मुकं झालं तर? मग उरतो हवेचा दाब. आपल्या कटिबंधात दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास वर, चारच्या सुमारास खाली. हा रोजचा हेलकावा वजा करून दाब नेहमीपेक्षा तीन मिलिबार खाली दिसला तर सावध व्हायचं, पाच मिलिबार खाली गेला तर वादळ जवळ आहे असं धरून चालायचं, हा दर्यावर्दींचा जुना नियम. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर आपल्या गोलार्धात वादळाचं केंद्र उजव्या हाताला, थोडं मागच्या बाजूला असतं, हा दुसरा. आणि आता गंमत बघा: आजच्या अनेक स्मार्टफोनमध्ये दाब मोजणारा संवेदक आधीपासून बसवलेला असतो. तो वाचायला इंटरनेट लागत नाही. खिशातला वायुभारमापक कितीजणांनी उघडून पाहिलाय?

शेवटी माणसं. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात लाखो माणसं मेली. त्यानंतर तिथे रेड क्रेसेंट आणि सरकारने मिळून स्वयंसेवकांची फळी उभी केली. आज ते सत्तर हजारांहून जास्त आहेत, त्यात निम्म्याच्या आसपास स्त्रिया. केंद्रापासून बिनतारीने संदेश येतो आणि पुढे भोंगा, हाताने फिरवायचा सायरन आणि खांबावर झेंडे. एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे. तिथल्या वादळांत आता माणसं मरतात ती पूर्वीच्या तुलनेत अगदी थोडी. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गमावलेल्या ओडिशाने किनाऱ्यावर १२२ सायरन मनोरे उभारले. रामेश्वरजवळच्या पांबनमध्ये २०१६ पासून कडल ओसै हा मच्छीमारांचा स्वतःचा रेडिओ चालतो; वारा, लाटा, बाजारभाव, सगळं त्यांच्याच बोलीत. कोकणच्या एवढ्या लांब किनाऱ्यावर असा रेडिओ असायला काय हरकत आहे?

अंदाज आता चांगले झाले आहेत. चक्रीवादळाचा मार्ग तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी नेमका सांगता येतो, आणि यामागे आपल्या शास्त्रज्ञांची मोठी मेहनत आहे. खात्याचं काम इशारा निघाला या शिक्क्यावर संपतं, असं मात्र मानता येणार नाही. शेवटच्या नौकेवरच्या शेवटच्या खलाशाला तो मिळाला का, यावरच त्या इशाऱ्याची किंमत ठरावी.

म्हणून इथे बसलेल्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. पावसाळी बंदी उठून नौका पाण्यात जाण्याआधी प्रत्येक बंदरावर एक दिवस ठरवा. त्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल बंद करा आणि तपासा की बावटा लागतो का, रात्रीचे दिवे पेटतात का, वायरलेस सेटवर इशारा येतो का, जेमिनी आणि ट्रान्सपॉन्डर किती नौकांवर चालू आहेत, आणि किती केबिनमध्ये सेलवर चालणारा रेडिओ आहे. जे चालत नाही त्याची यादी करा आणि ती यादी सहीशिक्क्यासह मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि बंदर खात्याकडे द्या. पोच घ्या. दर वर्षी द्या.